वाणातला जॅक

तोतारामने लोखंडी दांडा जॅकच्या खोबणीत खुपसला आणि जोरजोरात खालीवर केला. जॅकची मान सरसर वर आली. मग त्याने दांडा सोडून जॅकला पायाने ढकललं. लहान लहान चाकांवर तो फरशीवरून घरंगळत गेला आणि काउंटरला आपटून थांबला. तोतारामने तोंड वाकडं केलं.

“हे खेळनं हाये,” तो म्हणाला. “याच्यावर मोटार उचलाची का लेकराची सायकल?”

समाधान, त्याचा जावई, खिशात हात घालून उभा होता. तो सावकाश म्हणाला, “दोन टनांचा आहे, मामा. आमची गाडी एक टनाचीही नाही. आणि चाक एका वेळी एकच उचलायचं असतं.”

“टनाचं मले नका शिकवू. माझ्या घरी ट्रॅक्टर हाये.”

“आपण ट्रॅक्टरसाठी घेत नाही आहोत.”

दुकानदार इसाकभाई कूलरसमोरून उठले. नेरी नाक्याजवळच्या त्या दुकानात सकाळी अकरालाच पत्रा तापून वास मारत होता, आणि त्यात ही सासरा-जावयाची जोडी येऊन तासभर झाला होता. इतक्या वेळात दोघं एकमेकांकडे बघून एकदाही बोलले नव्हते. जे बोलायचं ते जॅककडे बघून.

“दोन्ही चांगले आहेत, भाऊ,” इसाकभाई म्हणाले. “हा लालवाला गॅरेजचा माल. तीन टन, पस्तीस किलो वजन. आणि हा छोटावाला घरगुती. घरच्या घरी चाक काढायचं, ब्रेक साफ करायचा, त्याला छोटावाला बस झाला. स्वस्त पण आहे, आणि उचलायला हलका.”

“हलका म्हंजे हलकाच,” तोताराम म्हणाला.

समाधानने खिशातून फोन काढला, लहान जॅकचा फोटो घेतला, त्याच्या खोक्यावरच्या आकड्यांचा घेतला आणि दोन्ही कुणालातरी पाठवले. मग उत्तराची वाट पाहत उभा राहिला.

“कोनाले विचारून राह्यले?”

“आहे एक. आमच्या गाडीचं बघणारं माणूस.”

म्हणजे सासरा इथं जिवंत उभा असताना याला धुळ्याच्या कुठल्याशा मिस्त्रीचा कौल हवा होता. तोतारामच्या डोक्यात रक्त चढलं. पण सकाळी निघताना सुंदरबाईने दारातच त्याचा सदरा धरून ठेवला होता. ‘आज तोंडाले कुलूप लावा,’ ती म्हणाली होती. ‘आज पोरगी रडत गेली तं पुन्हा या दारात पाय ठेवनार नही. लिहून घ्या माझ्याकडून.’ बेचाळीस वर्षांच्या संसारात सुंदरबाईने त्याचा सदरा कधी धरला नव्हता. तोतारामने कुलूप लावलं आणि रस्त्याकडे पाहत राहिला.

यंदा जेठ अधिक आला होता. तीन वर्षांनी एकदा येणारा हा धोंड्याचा महिना म्हणजे जावयांचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पाय धुवायचे, ताटात तेहतीस अनारसे आणि वर दिवा ठेवून वाण द्यायचं, आणि सोबत ऐपतीप्रमाणे काहीतरी वस्तू. कुणी चांदीची वाटी देतं, कुणी अंगठी. तोतारामच्या असोद्यात गेल्या धोंड्याला एकाने जावयाला फ्रिज दिला होता आणि त्याच्या थंडाव्याची चर्चा दूध डेअरीवर अजून चालत असे.

तोतारामला देण्याची हौस दांडगी होती. केळीने त्याला हात दिला होता, मुलगी एकुलती एक होती, आणि देणार कुणाला तर या समाधानला. पंचाईत अशी की हा गृहस्थ काही घ्यायलाच तयार नव्हता. आठ वर्षांपूर्वी मांडवाच्या दारात हार घालून उभी केलेली नवी कोरी मोटारसायकल त्याने हात जोडून परत केली होती. ‘देण्याघेण्याचं काही नको असं आपलं ठरलं होतं,’ असं म्हणाला, तेही माइक चालू असताना. सगळ्या मांडवाने टाळ्या वाजवल्या. तोतारामला त्या टाळ्या थोबाडीत बसल्या. ती मोटारसायकल मग त्यालाच वापरावी लागली आणि मळ्यात जायला निघाला की रोज त्याला तो माइक ऐकू येई.

गेल्या धोंड्याला त्याने चांदीची वाटी दिली. पाहुणे गेल्यावर ती फडताळात सापडली. विसरले असतील, असं सुंदरबाई म्हणाली. तोताराम तसं म्हणाला नाही. त्याने धुळ्याला फोन लावला आणि पोटात होतं नव्हतं ते सगळं बाहेर काढलं. त्यानंतरच्या तीन वर्षांत सारिका दोनदाच माहेरी आली, दोन्ही वेळा एकटी, आणि दोन्ही वेळा चहा घेऊन परत. गेल्या दिवाळीला तर तिचा नुसता फोन आला की यांना रजा नाही. रजा नाही म्हणे! वीज कंपनीच्या कचेरीत कागद इकडचे तिकडे करणाऱ्याला दिवाळीची रजा नसते, हे तोतारामने गावभर सांगितलं.

यंदा सुंदरबाईने अगोदरच लेकीला विचारून घेतलं की बाई, तुझ्या नवऱ्याला चालेल असं तरी काय द्यावं? उत्तर आलं, ट्रॉली जॅक द्या. मोटारीखाली सरकवून तिला वर उचलायचा जॅक. तोतारामची थोरली बहीण भिकुबाई हे ऐकून पदर तोंडाला लावून हसली होती. तोतारामला हसू आलं नाही. सोनं नको, चांदी नको, आणि मागून मागितलं काय तर गॅरेजचं सामान.

आज सकाळी दोघं आले तीही एक तऱ्हाच होती. गल्लीत गाडी थांबली, तर चाकामागे सारिका. धुळ्यापासून इथवर बाईमाणूस गाडी हाकत आलं आणि नवरा शेजारची सीट मागे रेलून साहेबासारखा आडवा. मग बाजारात जायला तोतारामने मोटारसायकल बाहेर काढली, तीच मोटारसायकल, आणि मागे बसा म्हणाला. समाधानने तिच्याकडे एकदा पाहिलं.

“रिक्षाने जाऊ,” तो म्हणाला.

आठ वर्षं झाली तरी तिला अंग लावायचीही याला शिसारी. तोतारामने ती पुन्हा आत ढकलली.

दुकानात समाधानचा फोन वाजला. त्याने वाचलं आणि मान हलवली.

“हा लहान द्या,” तो इसाकभाईंना म्हणाला. “आणि गाडी टेकवायचे दोन स्टँड. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जायचं नसतं. मी रिक्षा बघतो.”

तो उन्हात बाहेर पडला. तोतारामने लहान जॅककडे पाहिलं. निळा, टीचभर, प्लास्टिकच्या डब्यात मावणारा. दुपारी हाच पाटावर मांडायचा. भिकुबाई पाहील, शेजारची रूपा पाहील, आणि उद्या डेअरीवर विचारतील, का तोतारामभाऊ, जावयाला काय दिलं? दुकानातली सगळ्यांत स्वस्त वस्तू बरोबर हुडकून काढली होती त्याने. घेतल्यासारखं करायचं आणि सासऱ्याला गावात भिकारी ठरवायचं.

“लाल गॅरेजवाला बांधा,” तोताराम म्हणाला.

“भाऊ, पाव्हण्यांनी तर छोटा पसंत केला.”

“पैसे कोन देऊन राह्यलं?”

इसाकभाईंनी खांदे उडवले. एवढ्या बाबतीत दुकानदाराचं मत नेहमी गिऱ्हाइकासारखंच असतं. दोन हमालांनी लाल जॅक उचलून दारात आणला, तेवढ्यात रिक्षा येऊन थांबली. समाधान उतरला, त्याने खोकं पाहिलं, आणि तिथंच उन्हात उभा राहिला.

“हा नाही,” तो म्हणाला.

“हाच.”

“मामा, मी दुसरा सांगितला होता.”

“तुम्ही सांग्तलं. मी ऐकलं. देनारा मी हाये.”

“याचं वजन बघितलं का? हा गॅरेजमध्ये एका जागी पडून राहायचा जॅक आहे. आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. प्रत्येक वेळी कोण खाली आणणार, कोण वर नेणार?”

“जवान मानूस पस्तीस किलोले भेतो?” तोताराम जोरात हसला. त्या हसण्यात हसण्यासारखं काही नव्हतं. “आमच्या मळ्यातल्या बाया केळीचे घड डोक्यावर नेतात, या पाहाले एक दिवस.”

समाधानचा चेहरा पांढरा पडला. रिक्षावाल्याने विडी काढली. हे लवकर आटोपणार नाही हे त्याला कळलं असावं.

“तुम्हाला द्यायचं नसतं, मामा,” समाधान हळू म्हणाला. “तुम्हाला दाखवायचं असतं.”

“अन् तुम्हाले घ्याचं नसते. नाक वर करून उभं राहाचं असते, चार मानसांत.”

“माझं नाक असू दे. वस्तू ज्याला वापरायची त्याला उपयोगी नको?”

“वापराले येते. ताकद लागते फक्त.”

समाधानने तोंड उघडलं. काहीतरी अगदी ओठांशी आलं होतं त्याच्या. मग त्याने फोनच्या काळ्या पडद्याकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

“घ्या,” तो म्हणाला. “सारिकाला आज काही ऐकावं लागू नये, एवढ्यासाठी. स्टँड तेवढे द्या, भाई.”

“इतक्या मोठ्या जॅकवर स्टँड कशाले?” तोताराम म्हणाला. “नको.”

“ते मी माझे घेतो.”

आणि त्याने फोन पुढे करून पैसे दिले. काउंटरवरच्या डब्याने रक्कम मिळाल्याचं बाईच्या खणखणीत आवाजात साऱ्या दुकानाला सांगितलं. धोंड्याच्या खरेदीत जावयाने स्वतःचे पैसे घातले. इसाकभाईंनी नजर खाली वळवली. तोताराम रिक्षात चढून बसला.

असोद्याला रिक्षा थांबली तेव्हा गल्लीत कुणी नव्हतं, म्हणजे प्रत्येक दारात कुणी ना कुणी होतं. तोतारामने आणि रिक्षावाल्याने मिळून खोकं उतरवलं. सासष्ट वर्षांचा माणूस, घामाने सदरा पाठीला चिकटलेला. समाधान दोन्ही हातांत एक-एक स्टँड घेऊन बाजूला उभा राहिला.

“राहू द्या, राहू द्या,” तोताराम गल्लीला ऐकू जाईल असं म्हणाला. “जावईबापू हायेत. हात मळतीन.”

समाधान ऐकून घेऊन आत गेला.

सुंदरबाईने खोकं फोडून नवऱ्याकडून जॅक पाटावर ठेववून घेतला. खालच्या वंगणावर जुना टॉवेल टाकला, वर हळदी-कुंकवाची बोटं लावली, शेजारी अनारशांचं ताट. भिकुबाई म्हणाली की एवढं धूड वाणात तिने जन्मात पाहिलं नव्हतं. तोतारामला ते ऐकून पहिल्यांदा जरा बरं वाटलं. सारिका स्वयंपाकघरातून पदराला हात पुसत आली आणि उंबऱ्यातच थांबली.

“हा घेतला?” तिने नवऱ्याला विचारलं.

“आबांनी घेतला,” समाधान म्हणाला.

तिने वडिलांकडे पाहिलं नाही. जॅकच्या दांड्यावरून एकदा हात फिरवला आणि परत आत गेली. लेकीचे डोळे दिपले असणार, असं तोतारामने आपलं आपण ठरवून टाकलं.

बसायच्या वेळी पुन्हा ठिणगी पडली. दोन पाट मांडले होते, भोवती रांगोळी होती.

“मला खुर्ची मिळेल का?” समाधान म्हणाला.

“वाणाले खुर्ची?” भिकुबाई म्हणाली. “आमच्या अठी पाटावर बसतात, बापू.”

“खाली बसायची सवय नाही राहिली.”

कुणी काही बोलण्याआधी सारिकाने स्वतःच प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली. ती पाटावर बसली आणि नवरा खुर्चीवर, दरबार भरवल्यासारखा. तोतारामला पाय धुवायला अगदी फरशीवर बसावं लागलं. त्याने तांब्यातलं पाणी त्या पायांवर ओतलं. आपल्या आयुष्यात एवढा अपमान आपल्याच घरात, आपल्याच तांब्याने कधी झाला नव्हता, असं त्याला वाटलं. सुंदरबाई समोरून डोळ्यांनी विनवत होती. त्याने पाय पुसले, कुंकू लावलं, उठला.

जेवणात खापरावरचे मांडे होते, आमरस होता, पुरणाचे धोंडे होते. समाधान नीट जेवला, सुंदरबाईच्या स्वयंपाकाचं कौतुक केलं, तिला बरं वाटलं. सारिका वाढता वाढता दोनदा थांबून नवऱ्याच्या कानाशी काहीतरी बोलली, तो नको म्हणाला. तोताराम हे पाहत होता आणि मनातल्या मनात म्हणत होता की संध्याकाळ होऊ दे. काही तास राहिले. मग जा बाबा तुझ्या गावाला.

पाच वाजता ऊन जरा उतरलं तेव्हा दोघं निघाले. जॅक ओट्यावर आणून ठेवला होता. गाडीची डिकी उघडी होती. सारिका आईच्या गळ्यात पडली होती आणि सुंदरबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होती. दिवस निभावला होता. पोरगी रडत जात नव्हती. तोताराम तेवढ्यावर गप्प बसला असता तर सगळं पार पडलं असतं. पण समोरच्या दारात रूपा उभी होती, भिकुबाई होती, आणि जॅक ओट्यावर तसाच होता.

“आता तरी हात लावा,” तो समाधानला म्हणाला. “का हेबी सासऱ्यानेच कराचं?”

समाधानने त्याच्याकडे पाहिलं. दिवसभरात पहिल्यांदाच सरळ तोंडाकडे पाहिलं. मग त्याने बाह्या वर केल्या, ओट्याजवळ आला, आणि जॅकला दोन्हीकडून धरून वाकला.

“वाकू नका!”

सारिका आईला ढकलूनच धावली. “वाकू नका, सांग्तलं ना मी!”

तोवर उशीर झाला होता. जॅक जागचा हलला नव्हता. समाधान अर्धा वाकलेला होता आणि त्याला वर येता येत नव्हतं. एका हाताने त्याने ओट्याची कड धरली होती, तोंडातून आवाज निघत नव्हता, फक्त कपाळावर घाम फुटला होता. सारिकाने एक हात त्याच्या पोटाला लावला, दुसरा कमरेला. शर्ट वर सरकला तेव्हा आतला रुंद, कडक पट्टा सगळ्यांनी पाहिला. ती त्याच्या कानाशी त्याच्या घरच्या अहिराणीत काहीतरी पुटपुटत होती, लहान मुलाशी बोलावं तसं, आणि तिने त्याला थोडं थोडं करत सरळ केलं. मग धरून नेऊन पुढच्या सीटवर बसवलं, सीट मागे झुकवली, दार लावलं. हे तिने कितीदा केलं असेल कोण जाणे. तिचे हात कुठेही अडखळले नाहीत.

ती परत ओट्याजवळ आली.

“काय झालं वं त्यायले?” सुंदरबाईने विचारलं.

“मणक्याचं ऑपरेशन झालं. नाशिकले. दिवाळीच्या आधी.”

“अन् आमाले कळवलं नही?”

सारिकाने जॅक ओट्याच्या कडेपर्यंत ओढला, खाली हात घातले आणि उचलून पाहिला. पुढची बाजू उचलली गेली, मागची नाही. तिने तो पुन्हा टेकवला.

“मले लहान पाह्यजे होता, आबा,” ती म्हणाली. धुळ्याला गेल्यापासून तिची भाषा शहरी झाली होती. आता ती असोद्याची झाली. “लहान मी एका हाताने जिन्यावरून नेते. त्यायनं फोटो मलेच पाठवला होता.”

“तुले?” तोतारामच्या तोंडून निघालं. “मोटारीचं तू करते?”

“मंग कोन करते? चाक, ब्रेक, ऑइल, बठ्ठं मीच करते.”

“गॅरेज नही का तठी?”

“हाये. पन मले आवडते.”

तिने हात झटकले. तोतारामला तिच्या नखांतलं काळं दिसलं. सकाळपासून ते तिथंच होतं.

“सांगाले काय झालं होतं?” तो म्हणाला. आवाज चढवायचा होता, चढला नाही. “इतलं मोठं ऑपरेशन. बाप मेला होता का?”

“एकदा घरी आले असते तं दिसलं असतं.” ती त्याच्याकडे सरळ पाहत होती. “अन् सांग्तलं असतं तं तुम्ही पहिलं काय म्हटलं असतं, ते मले ठाऊक होतं. त्यायले बी ठाऊक होतं. आता म्हना. म्हनाचं असेल तं म्हनून घ्या.”

ती थांबली. खरोखरच वाट पाहत थांबली, पाहुण्याने शेवटचा घास घ्यावा म्हणून थांबतात तशी.

आणि खरी गोष्ट ही की ते वाक्य तोतारामच्या जिभेवर आलेलं होतं. जॅक, पट्टा, ऑपरेशन, सगळं कळून पुरतं मिनिट झालं नव्हतं, आणि ते तिथं तयार होतं. अशा कंबर मोडलेल्या माणसापाशी जन्म काढू नको बाई, घरी चल. आठ वर्षांचा राग त्या वाक्यात होता, मुलीची माया होती, आणि जिंकल्याचा आनंदही होता, आणि तो आनंद त्याला स्वतःला कळला. त्याला आपली शरम वाटली. पोरीने बापाला इतकं नेमकं ओळखून ठेवावं, याची तर जास्तच वाटली.

त्याने तोंड मिटलं.

“वाण ठेवून नको जाऊ वं, बाई,” सुंदरबाई रडवेली होऊन म्हणाली. “दिलेलं वाण ठेवत नसतात.”

“नही ठेवत, माय. डिकीत टाकू लागा कोनी. तिकडे शेजारचे उतरवतीन.”

शेजारचे. तोताराम ओट्यावरून उतरला. त्याने जॅकची मागची, जड बाजू धरली, सारिकाने पुढची. दोघांनी मिळून तो डिकीत ठेवला तेव्हा गाडीचा मागचा भाग चांगलाच खाली बसला. सारिका डिकी लावून पुढे गेली आणि चाकामागे बसली.

तोतारामने डिकीवर हात ठेवला. काढला. मग तो गाडीच्या डाव्या बाजूने गेला, मागचं दार उघडलं, आणि आत बसला. पायात घरातल्या चपला होत्या आणि अंगात घामट सदरा.

“अहो, कोठी?” सुंदरबाई दाराशी धावत आली.

“उतरवाले.”

“अन् वापस कसे येसान?”

“एस्ट्या बंद पडल्या का?”

समाधानने मान वळवली नाही. त्याला ती वळवता येण्यासारखी नव्हती. “शेजारी आहेत आमच्याकडे, मामा,” तो समोरच्या काचेकडे बघून म्हणाला. आवाज अजून बसलेला होता, पण गोडवा त्यात काडीचाही नव्हता. “तुम्ही त्रास घेऊ नका.”

“असतीन शेजारी,” तोताराम म्हणाला आणि दार ओढून घेतलं.

रूपा दारात उभी होती ती तशीच उभी होती. भिकुबाई एकदा भावाकडे, एकदा भावजयीकडे बघत राहिली. शेवटी सारिका मागे वळली. तिच्या चेहऱ्यावर माया बिया काही नव्हती. लांबच्या प्रवासाआधी माणूस सामान बघतं तसं तिने बापाला पाहिलं.

“आबा, त्यांची सीट अजून मागे झुकवावी लागेल. सरळ बसवत नाही त्यांना. तुमच्या गुडघ्यांना लागेल.”

“झुकव.”

तिने हात खाली घालून खटका ओढला. सीट सावकाश मागे आली. समाधानचं डोकं तोतारामच्या पोटापासून वीतभर अंतरावर येऊन थांबलं. त्याने डोळे गच्च मिटून घेतले होते, दुखण्याने असेल नाहीतर संकोचाने. कपाळावरचं दुपारचं कुंकू घामाने ओघळून नाकापर्यंत आलं होतं. तोतारामने गुडघे आवळले, आणखी आवळले, आणि हात छातीशी घेतले.

“बस का?” सारिकाने विचारलं.

“येऊ दे अजून,” तोताराम म्हणाला. “जागा हाये.”